झाड उभं आहे तोवर

करार नार्तेयच्या वडिलांनी केला होता. तोंडीच, चार म्हाताऱ्यांसमोर, पूर्वजांच्या नावाने जमिनीवर ताडी शिंपडून. जमीन असामानी घराण्याची, कष्ट नार्तेयच्या घराण्याचे आणि कोको निम्मा-निम्मा. पण हे सगळं कोकोचं झाड उभं आहे तोवर. झाडं पडली की जमीन मालकाकडे परत.

म्हणून नार्तेय एकही झाड पडू देत नसे. झाडं म्हातारी होऊन आभाळाला भिडली होती. शेंड्यावर चार फळं धरत, त्यातली दोन काळी पडून कुजत. कललेल्या झाडाला तो टेकू देई. वाळवीने पोखरलेला एक बुंधा त्याने शेजारच्या झाडाला दोरीने बांधून ठेवला होता.

"झाडं उभी आहेत आणि पोटं बसलीत," त्याची बायको माकू म्हणायची. "लावेरचे बाबा, मी मेले तर मलाही असंच बांधून उभी कराल!"

"तुला दोरी कशाला? तू मेल्यावरही भांडत उभी राहशील."

एकदा शेतकी खात्याच्या माणसाने गावात येऊन करून दाखवलं. बुंध्याशी फुटलेल्या धुमाऱ्यावर चांगल्या जातीचं कलम बांधायचं, ते जोर धरू लागलं की वरचं जुनं झाड कापून टाकायचं. सावलीला मधे मधे केळी लावायची, रानातली उंच झाडं राखायची, पालापाचोळा न जाळता मुळांशी पसरायचा. नार्तेयला सगळं पटलं. फक्त कापायचं तेवढं पटेना.

कलमं त्याने बांधली, ओढ्यापलीकडच्या पट्ट्यात, जिकडे कोणी फिरकत नसे. कलमांना पानं फुटली, तरी कोयता हातात धरून तो नुसताच उभा. शेवटी माकू म्हणाली, "द्या इकडे." तेव्हा मात्र त्याने मान फिरवली आणि पहिला घाव स्वतःच घातला.

दुसरं वर्ष सरता सरता त्या पट्ट्यात फळं धरली. कमरेच्या उंचीवर, पिवळीधमक, एकाला एक खेटून. माकू दिवसातून दोनदा जाऊन त्यांना हात लावून यायची. नार्तेयला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचीच धास्ती वाटायची.

फळं फोडून बिया काढायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे शेजारपाजारचे सगळे आले. त्या पट्ट्यातच फळांच्या ढिगाभोवती माणसं बसली. चुलीवर केळी उकडत होती, पाम तेलात अळूच्या पानांचं कालवण रटरटत होतं. गाणं रंगात आलं आणि मधेच थांबलं. केळींमधून काठी टेकत नाना असामानी येत होते. जमिनीचे मालक. गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं ते घराबाहेर पडले नव्हते.

"नार्तेय, तू माझा कोको तोडलास असं ऐकलं," ते म्हणाले. "खोटं आहे म्हण, म्हणजे मी घरी जातो."

नार्तेयने हातातलं फळ खाली ठेवलं. "खरं आहे, नाना."

"मग करार संपला की!"

नानांनी काठीने पाचोळा बाजूला सारला. कापलेला जुना खुंट दिसला आणि त्याच मुळातून वर आलेलं जाडजूड खोड. ते वाकून बघत राहिले.

"करार माझ्या बापाशी केलात," नार्तेय कसाबसा बोलला. "बाप गेला, पण मी उभा होतो. तेव्हा तुम्ही म्हणाला नाहीत की बाप पडला, आता जमीन परत दे. हे झाडसुद्धा त्याच मुळाचं आहे, नाना."

"आमच्यात वारसा मुलाला जात नाही, बहिणीच्या मुलाला जातो," नाना म्हणाले.

"मग भाचा समजा त्याला!" माकू ओरडली. "पण राहू द्या!"

ढिगाभोवती कोणीतरी खुदकन हसलं. नानांनाही हसू आवरेना. त्यांनी हात पुढे केला आणि झाडावर राहिलेलं समोरचं फळ स्वतःच्या हाताने खुडलं. टाचा उंच कराव्या लागल्या नाहीत.

"मूळ तेच, तर करारही तोच. हे सगळ्यांसमोर बोलतोय," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात नार्तेयला म्हणाले, "मलाही झोप लागत नव्हती रे. ही झाडं मेली की तुम्ही बिऱ्हाड उचलून जाल, अशी भीती होती. मग या म्हाताऱ्याची जमीन कसायची कोणी?"

"म्हणजे तुम्हीही घाबरत होता?"

"तू टेकू लावत होतास, मी घरी बसून देवाला साकडं घालत होतो."

माकूने कपाळाला हात लावला. "दोघे शहाणे! एकदा बोलला असतात, तर ओढ्याअलीकडचीही कलमं आज फळली असती."

"मग उद्याच बांधा," नाना म्हणाले. "आणि बाई, मला बसायला काहीतरी दे. फळं फोडायला एक माणूस वाढलाय."

माकूने लाकडी चौरंग आणून ठेवला. नानांनी फळ फोडलं, बियांवरचा पांढरा गोड गर तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. बायकांनी थांबलेलं गाणं पुन्हा उचललं, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. नार्तेय कधी कोणासमोर गात नसे. आज गायला, तेही बेसूर, आणि माकूने त्याला एकदाही गप्प केलं नाही.