‘घरी नाहीत’ सांगणारा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे आणि जन्मापासून माझ्या कपाळी एक खोटं वाक्य लिहिलेलं आहे. भिंगारच्या कॅम्पातल्या टिनवाल्याने रॉकेलच्या पत्र्यातून मला घडवलं, वर एक फट ठेवली आणि काळा रंग दिला. मग पलटणीतल्या पेंटरने पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘मिसेस थर्लो घरी नाहीत’. मिसेस थर्लो तेव्हा दहा पावलांवर उभ्या राहून अक्षरं सरळ आली का ते बघत होत्या.

कॅम्पातली रीतच तशी होती, प्रत्येक बंगल्याच्या फाटकाला असा एक डबा असायचा. गोऱ्या साहेबांनी आणि मडमांनी एकमेकांकडे भेटीला जायचं ते भर उन्हात, बारा ते दोनच्या दरम्यान. मी फाटकावर लटकत असलो की पाहुण्याने माझ्यात नावाचं कार्ड टाकायचं आणि परत फिरायचं. भेट झाली असं धरत. स्वतः येऊन गेल्याची खूण म्हणून कार्डाचा कोपरा दुमडायचा. मला आत नेलं की मगच पाहुण्यांना चहा मिळायचा. मला ओलांडून आत शिरणं म्हणजे फारच मोठा उर्मटपणा! कॅप्टनची बायको कॉन्स्टन्स थर्लो तेव्हा तेवीस वर्षांची होती. मला ती कौतुकाने ‘माझा पहारेकरी’ म्हणायची, आणि मीही त्या शब्दाने फुगून जायचो.

पुढे मे महिन्यात तिची आठ महिन्यांची आयव्ही गेली. सकाळी जुलाब सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत तिला पुरूनही आले. दुसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी स्वतःच्या हाताने मला फाटकावर अडकवलं.

“कॉनीला कुणी त्रास द्यायला नको,” ते आया ठकूबाईला म्हणाले. “मी सांगेपर्यंत काढू नकोस.”

मग ते कवायतीला गेले, आणि पुढे तीन महिने सांगायचं विसरले. माणूस वाईट नव्हता. पण मला तिथे लटकवलं की बायकोची काळजी घेऊन झाली असं त्याला वाटे.

समोरच्या बंगल्यात मेजरची बायको अ‍ॅग्नेस पार्जिटर राहायची. पन्नाशीकडे झुकलेली, कमी बोलणारी. तिची दोन लेकरं याच कॅम्पाच्या कबरस्तानात होती. ती रोज यायची. कडीवर हात ठेवायची, मला वाचायची आणि हात मागे घ्यायची.

“मडमबाई बसल्यात व्हरांड्यात,” एकदा ठकूबाईने तिला सांगितलं. “या की आत.”

“डबा आहे ना अजून?”

“तो सायबांनी लावलाय.”

“मग नको. तिला नको असेल.” आणि कोपरा दुमडलेलं कार्ड माझ्या पोटात पडलं.

ठकूबाई तणतणत आत गेली. “ती समोरची बाई उन्हात उभी ऱ्हाती हो रोज. बोलवा तिला.”

“मेजरच्या बायकोला मी कसं बोलवणार? मी लहान आहे तिच्यापेक्षा,” कॉन्स्टन्स म्हणाली. “तिला यायचं असतं तर ती आली असती. रीत पाळते आहे, दुसरं काय.”

“मग तो मेला डबा तरी काढा.”

“काढला तर सगळ्याच येतील. सगळ्यांना चहा देत हसावं लागेल. मला फक्त ती यायला हवी आहे, ठकूबाई.”

“मला वाचता येत न्हाई तेच बरं,” ठकूबाई म्हणाली. “मी आपली सरळ आत येते.”

मी सगळं ऐकत होतो. या दोघींच्या मध्ये आठ बोटांचा पत्रा होता, आणि तो मी होतो. खिळ्यावरून निसटून पडावं असं कितीदा वाटलं, पण खिळा भक्कम होता.

ऑगस्टमध्ये मेजरसाहेबांची क्वेट्ट्याला बदली झाली. जाण्याच्या दिवशी अ‍ॅग्नेसने शेवटचं कार्ड टाकलं. ठकूबाई त्या दिवसांत तापाने पडून होती, म्हणून ते दोन दिवस माझ्यातच राहिलं. तिसऱ्या दिवशी कॉन्स्टन्सने ते काढलं. छापील नावाखाली, रीत सोडून, दोन ओळी लिहिलेल्या होत्या.

‘तुझी आयव्ही माझ्या दोघांच्या शेजारी आहे. दर रविवारी मी तिघांनाही फुलं ठेवत होते. आता तू ठेवशील ना?’

ती तशीच, पायात काही न घालता, रस्ता ओलांडून धावली. समोर माळी सामान बांधून उरलेल्या गवताच्या काड्या झाडत होता. “परवाच्या गाडीने गेल्या मडमबाई,” तो म्हणाला. त्या बंगल्याच्या फाटकावर आता डबा नव्हता. कॉन्स्टन्स सरळ आत गेली आणि मोकळ्या खोल्यांमधून फिरत राहिली.

मित्रांनो, मी आता गंजलोय. माझ्यावरची अक्षरंही उडाली आहेत आणि त्याचं मला मुळीच दुःख नाही. एवढंच सांगतो, दुःखी माणसाच्या दारावर काय लिहिलंय ते वाचत उभे राहू नका. कडी काढा आणि आत जा. फार तर तुम्हाला उर्मट म्हणतील.