बोटभर दांडी आणि रंगवलेली टाकी

मी एक जुनी, बोटभर लांबीची लोखंडी दांडी आहे. हसू नका, मित्रांनो. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवरच्या एका हिरव्या होडीत, डिझेल इंजिनाच्या कुशीला माझा मुक्काम असतो. टाकीतलं डिझेल इंजिनाकडे ओढणारा जो छोटा पंप असतो, त्याची मी दांडी. इंजीन चालू असलं की पंप आपोआप चालतो, तेव्हा मला कुणी विचारत नाही. पण नळीत हवा शिरली की इंजिनाची सगळी ऐट उतरते आणि अंगठ्याने मलाच वरखाली करावं लागतं.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका कारखान्यात झाला. गेली बत्तीस वर्षं मी होडीच्या मालकिणीच्या, सुन्वोरच्या अंगठ्याखाली आहे. तिला हे काम तिच्या वडिलांनी शिकवलं. तिच्या धाकट्या भावाला, हानुसला मात्र रंगाचं वेड. त्याने होडी इतकी चकचकीत ठेवली आहे की लोक धक्क्यावर थांबून तिचं कौतुक करतात. माझ्यापर्यंत पुसायचं फडकं सगळ्यात शेवटी येतं, तेही मळलेलं. असो.

यंदा ऑक्टोबरात टाकीचा तळ गंजून गळू लागला. हानुसने तळाला नवा पत्रा जोडून आणला आणि टाकीला राखाडी रंगाचे दोन हात दिले, झाकणासकट. समोरच्या ओसाड बेटावर सुन्वोरच्या नऊ मेंढ्या होत्या आणि तिथलं गवत संपत आलं होतं. टाकी बसवायच्या दिवशीच संध्याकाळी नैऋत्येचा वारा सुटणार होता. एकदा तो सुटला की कित्येक आठवडे त्या खडकाला होडी लावता येत नाही. गावातल्या बाकीच्या होड्या लांब मासेमारीला गेलेल्या. मेंढ्या आज आल्या नाहीत, तर उपाशी मरणार होत्या.

टाकी बसवली, डिझेल भरलं. सुन्वोरने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि मला हलवू लागली. आधी नुसती हवा फुसफुसली, मग फेस आला, मग बुडबुडे कमी होत होत स्वच्छ डिझेल वाहू लागलं. थंडीत तिची बोटं सुजतात, पण अंगठ्याची लय चुकली नाही. स्क्रू आवळला, इंजीन सुरू झालं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

बंदराबाहेर पडलो आणि इंजीन आचके देत बंद पडलं.

"हवा राहिली असणार," हानुस म्हणाला.

सुन्वोरने पुन्हा हवा काढली. इंजीन कसंबसं सुरू झालं आणि थोड्याच वेळात पुन्हा बंद पडलं. होडी प्रवाहाबरोबर वाहू लागली.

"हे इंजिनाचं धूडच आता म्हातारं झालंय. परत फिरू या, वल्ही मारत."

"आणि मेंढ्यांना काय चिठ्ठी पाठवू? गप बस जरा."

तिने माझ्यावर अंगठा ठेवला आणि डोळे मिटले. मला सगळं कळत होतं, पण मला कुठे बोलता येतं?

"हवा असली की ही हलकी लागते," ती म्हणाली. "आत्ता जड लागतेय. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी. हानुस, झाकणाला रंग दिलास?"

"दिला की. दोन हात. का?"

तिने झाकण फिरवलं. टाकीने 'सूंऽऽ' करून मोठा श्वास घेतला. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं, ते रंगाने बुजलं होतं. डिझेल बाहेर जाणार आणि त्या जागी हवा आत येणार नाही, तर मी ओढून ओढून किती ओढणार?

हानुस कानापर्यंत लाल झाला. सुन्वोरने पिशवीतल्या अर्धवट विणलेल्या मोज्यातून सुई उपसली आणि भोक मोकळं केलं.

"छान रंगवलंयस हो," ती म्हणाली, "मोज्याचे टाके सुटले माझे."

त्यानंतर इंजीन एकदाही अडखळलं नाही. हानुस खडकावर उडी मारून एकेक मेंढी शिंगांना धरून आणत होता. नववीच्या वेळी लाट त्याच्या कमरेपर्यंत आली. पण नऊच्या नऊ घरी आल्या.

धक्क्याला लागल्यावर सुन्वोर मेंढ्या उतरवायला निघाली, तेव्हा ओलाचिंब हानुस इंजिनापाशी गुडघे टेकून बसला. इतक्या वर्षांत तो इथे फक्त ब्रश घेऊन आला होता.

"जड म्हणजे किती जड?" त्याने विचारलं. "दाखव ना मला."

ती परत आली. तिने त्याचा अंगठा माझ्यावर ठेवला, त्यावर आपला सुजलेला अंगठा ठेवला आणि मी तशीच जड लागावी म्हणून डिझेलचा नळ बंद करून म्हणाली, "आता ओढ."

मित्रांनो, वस्तू पुसा, रंगवा, जपा. पण तुमच्या घरात कुणाच्या हाताला असं काही कळत असेल, तर तो हात थकण्याआधी आपला हात त्याच्याखाली ठेवा. माझ्यावर त्या दिवशी दोन अंगठे होते. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं, पण मी त्याचीच वाट पाहत होते.