पाव्हण्यांचं टेबल

शेखरने आणलेल्या वस्तूला सासुरवाडीत कुणी नावं ठेवत नसे, आणि त्याची सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

जावई म्हणजे पाव्हणा. मखमलाबादच्या मळ्यात शेखरने उसाचा म्हणून कारल्याचा रस पाजला असता, तरी त्याच्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, "लय गोड हाय, पाव्हणं," म्हणत ग्लास पुन्हा पुढं केला असता. मग सैपाकघरात जाऊन चूळ भरली असती आणि खरं काय ते लेकीला, म्हणजे सुवर्णाला, सांगितलं असतं. वर बजावलं असतं, त्यांना सांगू नको, मन मोडतं माणसाचं. सुवर्णाच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिच्या पोटात नवऱ्याबद्दलची एवढी खरी मतं साठली होती, की तिला वाटायचं, एखाद्या दिवशी आपल्याला अपचन होणार.

तर झालं असं. शेखरची नोकरी नाशिक रोडला आणि जीव भटकंतीत. त्याने जुनी सात सीटची गाडी घेतली, मागच्या सीटा आडव्या पाडून वर फळी टाकून गादी बसेल अशी सोय केली, सुवर्णाची हिरवी साडी कापून खिडक्यांना पडदे शिवले आणि जाहीर केलं की थंडीत मामा-मामींना घेऊन समुद्रावर जायचं. बायका गाडीत झोपतील, पुरुष तंबूत, आणि सैपाक गाडीशेजारी. सासऱ्यांना, देवरामांना, तो मामा म्हणायचा आणि सासूला मामी. मामा एका पायावर तयार झाले. मामी म्हणाल्या, लय छान बेत हाय, तुम्ही जाऊन या.

हा नकार कुठून आला ते सुवर्णाला ठाऊक होतं. नवसाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, असं बजावलेलं. जन्मभर बाजारात पोत्यावर बसून मेथी-वांगी विकणारी बाई एका रात्रीत खुर्चीवर आली. बाजार सुटला. मागच्या वर्षी सगळे देवीच्या गडावर गेले, तेव्हा वाटेत झाडाखाली सतरंजी पडली, डबे उघडले, हसणं-खिदळणं सुरू झालं, आणि नवसाबाई गाडीचं दार उघडं टाकून सीटवर एकट्या, मांडीवर ताट घेऊन जेवल्या. त्या दिवसापासून त्या कुठं गेल्या नाहीत.

सुवर्णाने नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुम्हाला गादी सुचली, पडदे सुचले. आई जेवणार कुठं?"

शेखर खाली बसला. मग म्हणाला, "टेबल."

आणि माणूस अभ्यासाला लागला. सुवर्णाला त्याचा कितीही वैताग आला तरी एक गोष्ट ती मान्य करायची: हा माणूस चुकतोसुद्धा मन लावून. रात्र-रात्र त्याने घडीच्या टेबलांचे व्हिडिओ पाहिले. त्यातले दाढीवाले गोरे बर्फात टेबल उघडायचे, त्यावर एक कप ठेवायचे आणि डोंगराकडे बघत बसायचे. टेबलावर भाकऱ्यांची चवड, पिठल्याची कढई आणि बुक्कीने कांदा फोडणारे मामा असं कुणीच दाखवत नव्हतं.

पहिलं टेबल बॅगेसारखं मिटणारं. उघडलं की चार बाजूंना चार बैठका, सगळ्या एकाच सांगाड्याला जोडलेल्या. मळ्यातल्या चिंचेखाली त्याचं उद्घाटन झालं. चौघं बसले, ताटं वाढली. देवराम पाण्याचा तांब्या आणायला उठले मात्र, समोर बसलेला शेखर पिठल्यासकट मागे कलंडला आणि टेबलाचे दोन पाय आभाळाकडे झाले. गवतात उताणा पडूनही त्याने भाकरी सोडली नव्हती. सुवर्णाला हसावं की कौतुक करावं ते कळेना.

"बैठक छान हाय," नवसाबाई म्हणाल्या. "फकस्त सगळ्यांनी संगटच उठायचं. एकी राहती घरात."

शेखरला वाटलं, पसंत पडलं. सुवर्णा म्हणाली, मला नाही आवडलं. त्यावर त्याने ऐकवलं, "तुला कधी काही आवडतं का? जरा आईकडून शिक."

दुसरं टेबल गुंडाळायचं. बारीक पट्ट्यांचं, चटईसारखं, एवढंसं होऊन पिशवीत जायचं. ते पाहून देवरामांना उत्साह आला. त्यांनी मधोमध कांदा ठेवला आणि बुक्की घातली. कांदा फुटला नाही. पट्ट्या फाकल्या आणि कांदा अख्खाच्या अख्खा खाली पडून कुत्र्यापुढे गेला. त्यामागून वांग्याच्या भाजीचा रस्सा फटीफटीतून गळत नवसाबाईंच्या पातळावर आला.

"धुवायला सोपं हाय बघा," नवसाबाई पदर झटकत म्हणाल्या. "खरकटं आपसूक खाली जातं."

शेखर फुलला. सैपाकघरात आईने लेकीला सांगितलं, की एवढ्या बुटक्या टेबलाला टेकून मला उठतासुद्धा येणार नाही, पण तू बोलू नकोस. सुवर्णाने मग रंग वाईट आहे म्हणून ते परत करायला लावलं. शेखरने आईकडून शिकण्याचा सल्ला पुन्हा दिला.

तिसरं टेबल गाडीच्या चाकाला अडकवायचं होतं. एका बाजूला टायरचा आधार, दुसऱ्या बाजूला पाय. कल्पना अशी नामी, की सुवर्णाचंही तोंड बंद झालं. पाट्यासारखं घट्ट बसलं. ताटं मांडली, श्रीखंड वाढलं, देवरामांनी कांदा फोडला, तोही फुटला. तेवढ्यात बांधावर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. वाट हवी होती. सुवर्णाचा भाऊ सुनील नुकताच आला होता. जेवत्या पाव्हण्याला उठवायचं कसं, या सद्भावनेने तो गुपचूप गाडीत बसला आणि त्याने गाडी पुढे घेतली.

चाक फिरलं. चाकाबरोबर टेबल उठलं. चारही ताटं एका रांगेत, शिस्तीत, वर चढली आणि पलीकडे उतरली. श्रीखंडाचं भांडं मडगार्डवर बसलं. शेखर हातात पुरी घेऊन बघत राहिला.

नवसाबाईंनी मडगार्डवरचं भांडं पाहिलं. एवढी मुत्सद्दी बाई, पण चांगलं म्हणायला काही सापडेना. शेवटी म्हणाल्या, "पाव्हणं, गाडी चालू असली तरी वाढता येतं, हे बरं हाय."

त्या रात्री घरी जाताना शेखर पहिल्यांदाच चाचरत म्हणाला, "सुवर्णा, मामी मला खरं सांगतात ना गं?" सुवर्णाने खिडकीतून बाहेर बघितलं. आईला शब्द दिला होता. तेवढ्यावरून तो समजला. टेबल मिळालं नाही तर मामी येणार नाहीत, आणि मामी खरं बोलणार नाहीत तर टेबल मिळणार नाही. गाठ अशी बसली होती.

चौथं त्याने व्हिडिओ न बघता मेनरोडच्या दुकानातून आणलं. साधं, मधे मोडणारं, पाय लांब-आखूड करायला खटके असलेलं. या वेळी त्याने गंगापूर धरणाच्या बाजूला रंगीत तालीम ठरवली. नवसाबाई नुसत्या बघायला म्हणून तयार झाल्या. वाटेतल्या गंगापूर गावात राहणाऱ्या नणंदेला परतताना द्यायला त्यांनी पेरूंचं एक क्रेट आणि मेथीच्या काही जुड्या बरोबर घेतल्या.

पाणी दिसतं तिथं, रस्त्याच्या कडेला, गाडी लावली. शेखरने तंबू ठोकला, टेबल उघडलं, खुर्ची मांडली, मामींना बसवलं. शेगडी क्रेटच्या मागे अडकली होती, म्हणून क्रेट काढून टेबलावर ठेवलं. मेथीही ठेवली. तो शेगडी काढेपर्यंत एक पांढरी गाडी थांबली, काच खाली झाली.

"पेरू कसे दिले?"

शेखर समजावू लागला, की हे दुकान नाही, आम्ही कॅम्पिंग करतोय, ही फॅमिली आहे. मागे खुर्ची करकरली. नवसाबाईंनी दोन्ही तळवे टेबलावर रोवले, जोर दिला आणि उभ्या राहिल्या. टेबल हललं, पण टिकलं. त्यांनी पदर खोचला आणि भाव सांगितला.

नाशिकच्या आसपास गाडीमागे टेबल दिसलं की माणूस थांबतोच. एक थांबला म्हणून दुसरा थांबला. नवसाबाई पेरू उचलून देत होत्या, जास्त दाबणाऱ्याला दटावत होत्या, एका बाईला मेथी कशी निवडायची ते सांगत होत्या. कुणीतरी शेखरला "ओ भाऊ, पिशवी द्या" म्हटलं आणि त्याने मुकाट्याने पिशवी दिली. एकाने तंबूचं भाडं विचारलं. एकाला पिठलं हवं होतं, त्याला मात्र नवसाबाईंनी घरच्या माणसांचं आहे म्हणून परतवलं. सुवर्णा शेगडीपाशी हातातलं काम विसरून बघत होती. आईचा हा आवाज ऑपरेशननंतर तिने ऐकलाच नव्हता.

क्रेट रिकामं झालं. नवसाबाई वळल्या.

"पाव्हणं, ह्ये टेबल बुटकं पडतंय. वाकून-वाकून कंबर गेली माझी. आन् ह्यो पाय लटपटतोय. काय बघून घेतलं तुम्ही?"

देवरामांची बुक्की कांद्यावर हवेतच थांबली. सुवर्णाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आणि शेखर, तो टेबलाखाली शिरला. चारही खटके काढून त्याने पाय लांब केले, लटपटणारा पाय खाली चपटा दगड देऊन बसवला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर असं तेज होतं, जणू बढतीचं पत्र मिळालंय.

"आता बघा, मामी."

मामींनी दोन्ही हातांनी दाबून बघितलं. "आता हाय बरं," म्हणाल्या. एवढंच. लय भारी नाही, छान नाही. देवरामांनी बुक्की खाली आणली, कांदा फुटला, टेबल राहिलं. सतरंजी त्या दिवशी गाडीतच राहिली.

परत येताना गंगापूर गावातून गाडी काच वर करून नेली, कारण नणंदेला द्यायला काही उरलंच नव्हतं. शेखर हळूच सुवर्णाला म्हणाला, "मामी मला बोलल्या. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं. चांगल्या बोलल्या."

मधल्या सीटवर नवसाबाई मागे हात घालून गादीखालची जागा चाचपत होत्या.

"पाव्हणं, समिंदरावर कधी निघायचं? आन् या फळीखाली दोन क्रेटा मावतील का बघा आधी. नाय मावल्या तर काढा ती फळी. कुणी सुचवली ही?"