जिन्याखालची भिंत

हॉस्पिटलात सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी प्रार्थनेची खोली करायचं काम सुनेला मिळालं, तेव्हा सर्वांत जास्त कौतुक सासूबाईंना. सून आर्किटेक्ट. दर्शनी दालनासाठी तिनं नकाशा काढला: उंच छत, पांढरा दगड, वरून झिरपणारा उजेड. सासूबाईंनी चष्मा चढवून तो निरखला.

"देखणं आहे गं. पण इथं कुणाला रडू यायचं नाही."

"आई, रडायला कशाला यायला हवं?"

"मग हॉस्पिटलात लोक नाचायला येतात का?"

सून हसली, पण ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. गेल्या वर्षी सासरे याच हॉस्पिटलात मरणाच्या दारातून परतले होते.

"तेव्हा तुम्ही कुठं बसायचात?" तिनं विचारलं.

सासूबाई तिला हाताला धरून हॉस्पिटलात घेऊन गेल्या. लाँड्रीशेजारी, जिन्याखाली. एका कडेला छत उतरत आलेलं, त्यामुळे वाकूनच बसावं लागे. पलीकडच्या इस्त्रीच्या यंत्रांनी भिंत कोमट झालेली. बसल्यावर डोकं टेकेल तिथं रंग उडून गुळगुळीत डाग पडला होता.

"हा तुमचा?"

"माझं एकटीचं डोकं एवढं मोठं आहे का? कितीजणांनी टेकलं असेल, देव जाणे."

सुनेनं नकाशा बदलला. व्यवस्थापक वैतागले. "जिन्याखाली देव बसवणार तुम्ही?"

"बसवत नाही साहेब. बसलाय, त्याला उठवायचं नाही, एवढंच."

कुरकुरत का होईना, ते तयार झाले. झाडू-बादल्या हलल्या, व्हीलचेअर जाईल असं दार झालं, लाकडी बाक आला. रंगारी डागाकडे ब्रश घेऊन वळला, तेव्हा सासूबाई अशा काही ओरडल्या की बिचारा रंगाच्या डब्यात बसता बसता वाचला.

खोली उघडली त्या दिवशी सासरे काठी टेकत आले आणि बायकोशेजारी बसले.

"इथं बसून काय मागायचीस गं माझ्यासाठी?"

"मागते कसली! कडाकडा भांडायचे."

"आणि जिंकलीस?"

"मग! जन्मभर तुमच्याशी सराव केलाय तो काय फुकट?"

तिघंही हसत होती, तेवढ्यात दारात एक तरुण बाई येऊन थबकली. हातात लहान मुलाचे बूट. सासूबाई चटकन उठल्या, तिला भिंतीकडेची जागा दिली, नवऱ्याचा दंड धरला आणि सुनेला डोळ्यांनीच खुणावलं.

तिघं पाय न वाजवता बाहेर पडली.