झाकणावरची कपाशी

उषाबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि चहापेटी नागसेनच्या टेबलावर ठेवली. झाकणावरचं चित्र पुन्हा खरवडलेलं होतं, थेट लाकडापर्यंत.

"मी भाजी आणायला गेल्ते," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात यांनी ब्लेड हुडकलं."

ही तिसरी वेळ होती. दर वेळी नागसेनने खडू आणि सरसाचा थर द्यायचा, वाळला की घासायचा, मग बारीक कुंचल्याने कपाशीची फांदी काढायची. आठ-आठ दिवस जायचे. दुकानात पॉलिशला आलेल्या खुर्च्या तशाच पडून राहायच्या.

पेटी उषाबाईंच्या नवऱ्याच्या, पुंजारामांच्या, आजोबांच्या हातची. छावणीतल्या कुण्या साहेबासाठी केलेली, पण साहेबाची बदली झाली आणि ती घरातच राहिली. सागवानी, एकही खिळा नसलेली, आत कथलाचा पत्रा लावलेले दोन कप्पे, चारही बाजूंना फुललेली कपाशी. पुंजाराम त्या पेटीकडे बघून कुंचला धरायला शिकले. पुढे त्यांनी नागसेनला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी उषाबाईंनी चुकून झाकणावर गरम पातेलं ठेवलं आणि तिथला रंग फुगून निघाला. तोवर पुंजारामांचं विसरणं सुरू झालं होतं, म्हणून झाकणाचं काम नागसेनकडे आलं.

"मावशी, पेटी कपाटात ठेवून कुलूप का लावत न्हाई?"

"मंग त्यांच्या ओळखीचं काय राहील घरात? मला तर 'तुम्ही कुणाकडं आल्या' म्हणून विचारतेत."

त्या स्टुलावर बसल्या. पदराने मान पुसली. जुन्या जालन्यातून येताना रिक्षा बराच वेळ पुलावर अडकली होती.

नागसेनने पेटी हातात घेऊन फिरवली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. कुठेही ब्लेडचा ओरखडा नव्हता. खरवडलं होतं ते फक्त त्याने काढलेलं. त्याने पुन्हा एकदा चारही बाजू बघितल्या. मग कुंचले आणि पेन्सिल पिशवीत टाकली, शटर ओढलं आणि म्हणाला, "चला, मी येतो."

घरी पुंजाराम खिडकीजवळ सतरंजीवर बसले होते. दोन्ही हात मांडीवर. नागसेन समोर बसला तसं त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"कोण गावचे?"

"इथलाच हाय, उस्ताद."

त्यांनी मान हलवली.

नागसेनने पेटी दोघांच्या मध्ये ठेवली आणि झाकणाच्या उघड्या लाकडावर पेन्सिलीने फांदी काढायला घेतली. देठ, पानं, मग वरच्या टोकाला मोठं फूल.

"हे तांबडं करायचं," तो म्हणाला. "आणि हे खालचं पिवळं."

पुंजारामांचा हात मांडीवरून उठला. बोट झाकणावर टेकलं.

"उलटं करून राह्यले तुम्ही. आधी उमललेलं फूल खाली असतंय. ते तांबडं पडतंय. वरचं आजचं, पिवळं."

नागसेनने पेटी वळवली. चारही बाजूंना तांबडी फुलं खाली होती. त्याने दर वेळी तांबडं वर घेतलं होतं, तिथं ते उठून दिसतं म्हणून.

"तुम्हाला पटत नसंल तर आमच्या नागसेनला विचारून या," पुंजाराम म्हणाले. "त्याची माय वेचणीला जायची. तो बी जायचा संगं. त्याला बराबर ठाऊक असंल. मला आता काही काही आठवत न्हाई."

उषाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या.

नागसेन उठला. उषाबाईंच्या बाजूने ओट्यावर गेला आणि खांबाला धरून उभा राहिला. गल्लीतून कुणीतरी मोटारसायकल ढकलत नेत होतं. ते वळणाआड जाईपर्यंत तो बघत राहिला. मग चेहरा पुसून आत आला.

"विचारलं?"

"विचारलं, उस्ताद. तुमचं बराबर हाय म्हणतो."

"म्हणणारच," पुंजाराम म्हणाले, आणि सतरंजीवर थोडं सरकून त्यांनी त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली.