व्हेच फुलेपर्यंत

आमच्या माहलनला रिकामं बसवत नाही. आमच्या लग्नाच्या दिवशीही जेवण आटोपून हा माणूस गोठ्यात गेला होता, आता काय सुधारणार! पण यंदा शेत लेकीच्या, लोईसच्या हातात. मका फसला तर पुढच्या वर्षापासून पुतण्या ग्लेन कसणार, असं घरात ठरलेलं. म्हणून, हा तिच्या कामात हात घालेल या भीतीनं, मी नवऱ्यावर डोळा ठेवून होते.

लोईसनं मागच्या सप्टेंबरात व्हेच, म्हणजे खतासाठीची शेंगवेल, पेरली होती. मे महिन्यात तिच्या वेलींचं मांडीएवढं रान माजलं. लोईसचं म्हणणं, रान जांभळ्या फुलांनी भरलं की त्यावर पात्यांचा रूळ फिरवायचा. वेली जागीच मरतात, जमिनीला खत मिळतं आणि त्या गादीतूनच मका पेरायचा. पण यंदा मेमध्येही थंडी हटेना, फुलं येईनात. रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याचा, आयर्विनचा, मका वीतभर झाला.

"यंदा गवताचं पीक का रे?" त्यानं चर्चबाहेर माहलनला विचारलं.

झालं! त्या दिवसापासून हा ताटावरून उठून बांधावर जायचा आणि 'आता फिरव की रूळ' म्हणून लोईसच्या मागे लागायचा. मलाही चैन पडेना. पोरीची धास्ती वाटायची आणि तिचाच रागही यायचा.

शेवटी लोईसचाच धीर सुटला. तिनं ट्रॅक्टरला रूळ जोडला.

"बाबा, तुमचंच खरं. आजच फिरवते."

मला वाटलं, हा खूश होईल. तर हा ट्रॅक्टरला आडवा!

"उतर खाली. चल माझ्याबरोबर."

मीही मागोमाग गेले. ओढ्याकडच्या कोपऱ्यात व्हेचचा एक पट्टा वेगळाच दिसत होता. देठ बुडाशी वाकलेले, शेंडे मात्र पुन्हा वर निघालेले.

"हे कुणी केलं?" लोईसनं विचारलं.

"मी. गेल्या आठवड्यात तू बाजारात गेलीस तेव्हा. राहवलं नाही गं. रूळ फिरवून चांगली भुईसपाट केली होती, बघ, मेली पुन्हा उठली!"

"अहो, लाज वाटते का?" मी ओरडलेच. "पोरीच्या शेतात चोरून?"

लोईसचा चेहरा लाल झाला. ती खाली बसली, एक वाकलेला देठ नखानं सोलून पाहिला. आत हिरवागार.

"फुलं येण्याआधी रूळ फिरवला असता तर सगळं शेत असं उठलं असतं," ती म्हणाली. "मका गुदमरला असता, बाबा."

माहलननं टोपी काढली, डोकं खाजवलं. शेतातलं काही त्यानं आजवर कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. सख्ख्या बापालाही नाही.

"मग पोरी," तो म्हणाला, "पेरायचं कधी?"