आंबा रेषेत आला

मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी भारत दारात आला आन् म्हणाला, "नाथाभाऊ, यंदा स्कीममधून दर होडीला एक यंत्र मिळणार हाय. एकच. तीन प्रकार हायेत. सातपूरला मुस्तकीमच्या दुकानात ठेवलेत, जाऊन बघा आन् सोमवारपर्यंत कळवा. एकदा कागदावर लिहिलं की मंग बदलून मिळायचं नाय."

मी म्हणलं, बरं. मनात म्हणलं, आता बुधाला कोण सांगणार.

बुधा म्हंजे माझा भागीदार. आमची एकच होडी, फायबरची, चार माणसं बसली तर पाणी आत येईल एवढी. धरणात मासे धरायला आम्ही दोघं तीस वर्षं एकत्र जातो. तो मूळचा पेठकडचा. लहानपणी मामाकडं येऊन राह्यला आन् जिथं आज धरणाचं पाणी हाय तिथं त्यानं गुरं चारली. बारा वर्षांचा होता तेव्हा धरण भरलं. म्हणून पाण्याखाली काय हाय ते त्याला ठावं. कुठं विहीर, कुठं बांध, कुठं बाभळीची खोडं, सगळं. माझं काम वल्ही मारायचं. आता वल्ही मारणाऱ्याची पाठ नेहमी पुढं असते, तोंड मागं. म्हंजे तीस वर्षं मी धरणावर जिथून निघालो तेच बघत आलो. जायचं कुठं ते बुधा बघणार. तो पुढच्या टोकाला उभा राहतो, काठावरच्या खुणा जुळवतो आन् "थांब" म्हणतो. मी थांबतो.

जुन्या विहिरीची खूण मला ऐकून माहीत होती. पूर्वेच्या काठावरचा मोठा आंबा मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पायजे, आन् त्याच वेळी उजव्या अंगाला पाण्याची पिवळी टाकी शाळेच्या कोपऱ्यावर आली पायजे. दोन्ही जमलं की खाली विहीर. तिच्या दक्षिणेला जाळं सोडलं तर कटला मासा. उत्तरेला सोडलं तर बाभळीची खोडं आन् जाळ्याच्या चिंध्या. फरक किती, तर दहा-बारा वाव, म्हंजे दोन्ही हात पसरून दहा-बारा वेळा.

दिवाळीपासून आमच्या चिंध्याच निघत होत्या. आठवड्यात दोनदा जाळं अडकायचं. आमची सिंधुबाई ओट्यावर बसून शिवायची आन् म्हणायची, "अहो, तुम्ही मासे धरायला जाता का काटे काढायला?" मी म्हणायचो पाण्याची ओढ बदललीय. बुधा म्हणायचा वारं वाईट हाय. म्हणून यंत्राचं ऐकून मला बरं वाटलं होतं. खरं सांगतो, जाळी शिवून शिवून त्या बाईची बोटं सुजली होती.

शनिवारी आम्ही बसनं सातपूरला गेलो. मुस्तकीमचं दुकान कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. पंपाच्या जळलेल्या मोटारी भरून देतो, असली यंत्रंबी ठेवतो. पोरगा चांगला. स्टुलं पुसून दिली, चहा सांगितला.

"चाचा, हे पहिलं. वायरलेस. होडीतून काठावर बोलता येतं."

बुधा म्हणाला, "आम्ही दोघं एकाच होडीत. काठावर फक्त नाथाची बायको असती. तिचं बोलणं आम्हाला बिनतारीच ऐकू येतं."

"बरं, मग हे बघा." त्यानं दुसरं चालू केलं. वहीएवढा पडदा, त्यावर निळं पाणी, खाली तपकिरी तळ आन् मधून मासे चाललेत. एकामागं एक, हे एवढाले. "ह्याचा एक भाग होडीच्या बुडाला लावायचा. तो खाली आवाज सोडतो, परत आलेला ऐकतो आन् तळ दाखवतो. मासा आला तर मासा."

बुधानं पडदा बघितला. टेबलावर बघितलं. टेबलाखाली वाकून बघितलं. "पाणी कुठंय?"

"पाणी नाय, चाचा. दुकानात दाखवायला भरून ठेवलंय ते."

"मंग मासे खोटेच."

"हां, मासे खोटे."

"दुकानातच खोटं बोलतंय, धरणात गेल्यावर काय करील." आन् मला म्हणाला, "टाक रे जाळं, मुस्तकीमच्या टेबलावर."

मी हसलो, पोरगाबी हसला. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यात भरली. बुधा पडद्याकडं सरळ बघत नव्हता. मान तिरपी करून, कडेनं. कोंबडी दाण्याकडं बघते ना, तसा. मला वाटलं, रुसलाय.

तिसरं यंत्र हातात मावेल एवढं. मोबाइलसारखंच, पण जाड, पाण्यात पडलं तरी तरंगणारं. मुस्तकीम म्हणाला, "ह्याला मासा कळत नाय, तळ कळत नाय. ह्याला फक्त जागा कळते. एका जागी उभं राहून बटण दाबलं की ती जागा ध्यानात ठेवतं. परत जायचं म्हणलं की बाण दाखवतं, जवळ आलं की वाजतं. पण जागा तुम्ही भरायच्या. तुम्ही सांगाल तेवढंच त्याला येणार."

"म्हंजे कोरं हाय," मी म्हणलं.

"एकदम कोरं, चाचा."

मला अर्थातच मासेवालं आवडलं. तळ दिसला की खोडं दिसणार, खोडं दिसली की जाळं वाचणार. बसमध्ये मी तसं बोललो. बुधा खिडकीबाहेर बघत राह्यला. सिटी बसस्टँड आलं. मंग म्हणाला, "ते आलं तर मी पुढं उभा राहून काय करायचं? माशांची पाटी धरू?"

"तसं कोण म्हणलं?"

"उद्या चल. मी तुला मोठ्यानं सांगतो खुणा. एकेक. मंग तूच सांग यंत्राची गरज हाय का."

ही त्याची सवय नव्हती. तो कधीच खुणा बोलून दाखवत नसे. नुसतं थांब. पण दुकानातले ते मासे त्याला लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर निघालो. वारं पडलेलं, पाणी ताटासारखं. मी वल्ही मारतोय, माझ्या मागं बुधा उभा. "टाकी येतेय," तो म्हणाला. "शाळेपासून अजून हातभर लांब. मार. मार. आता सावकाश." मी सावकाश. "आंबा सरकतोय डोंगरावर. खाचेच्या डावीकडं हाय अजून. मार दोन. हां. आंबा बसला खाचेत. थांब."

मी थांबलो. वल्ह्यांवरून पाणी गळत होतं.

आंबा माघातच तोडला होता. रस्ता रुंद करताना. त्याची लाकडं ट्रॅक्टरनं माझ्या दारावरून गेली होती, दोन दिवस जात होती. बुधा पलीकडच्या पाड्यावर राहतो, त्या रस्त्यानं त्याचं जाणंयेणं नाय. त्याला कुणी सांगितलं नसंल. मीबी नाय. मला वाटलं, जो रोज त्या झाडाकडं बघतो त्याला काय सांगायचं.

तरी मी मान वळवून बघितलं. डोंगराची खाच रिकामी होती. काठावर मातीचा ढीग आन् लाल झेंडी.

बुधा कंबरेवर हात ठेवून उभा. तोंड बरोबर त्या खाचेकडं. "बघ," म्हणाला, "काय चुकलं?"

"काय नाय," मी म्हणलं. "सोड जाळं."

जाळं फाटणार हे मला माहीत होतं. तरी सोडू दिलं.

सकाळी जाळं ओढलं, निम्मं खोडांनी खाल्लेलं. बुधा म्हणाला, वारं. मी म्हणलं, हो, वारं लय होतं. पान हललं नव्हतं त्या दिवशी.

घरी आल्यावर सिंधुबाईनं जाळं उलगडलं आन् माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सुई ओवली.

"कधीपासून दिसत नसंल?"

"दिवाळीपासून जाळी फाटतात. तेव्हापासूनच. वल्ही किती मारली ते मोजत असंल, अंदाजानं सांगत असंल."

"मंग सांगा ना त्याला."

"सांगितलं तर उद्यापासून येणार नाय तो. तू ओळखत नाय का त्याला? पायताण घालंल आन् पाड्यावर जाऊन बसंल."

"आन् मासे दावणारं आणलं तर?"

"तरी बसंल."

तिनं दातानं दोरा तोडला. "तुम्हाला येतात का त्या खुणा?"

"मला कशा येतील? माझी पाठ पुढं असते."

"म्हंजे बुधादादा पाड्यावर बसला तर विहीरबी गेली, बांधबी गेला. मासे दावणारं यंत्र तुम्हाला तिथं घेऊन जाईल का?"

त्या यंत्राला होडीच्या खालचं दिसतं. होडी कुठं न्यायची ते त्याला कळत नाय. खोडं दिसतील, पण खोडांवर जाऊन पोचल्यावर. हे मला दुकानात का सुचलं नाय, कुणास ठाऊक. ते रंगीत मासे बघून माझंबी डोकं फिरलं असंल.

सोमवारी भारतकडं जाऊन तिसरं लिहवून आलो. कोरं. भारत म्हणाला, "नाथाभाऊ, बाकी सगळ्या होड्यांनी मासेवालं घेतलंय. विचार करा." मी म्हणलं, झालाय करून.

बुधाला सांगितलं तर तो संशयानं बघायला लागला. कडेनंच. "हे का?"

"ह्याला काय येत नाय म्हणून. शिकवायला मास्तर लागतो. मला कुठं येतंय काय."

तो तसाच पाड्यावर निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी आला.

मे महिन्यात पाणी लय खाली गेलं. धरणाचा निम्मा तळ उघडा पडला, चिखल वाळून भेगा पडलेल्या. दरवर्षी त्या दिवसांत आम्ही जाळी शिवत घरी बसायचो. यंदा आम्ही दोघं त्या तळावरून चालत निघालो. बुधा पुढं, मी यंत्र घेऊन मागं. पहिल्यांदा माझं तोंड त्याच्या पाठीकडं.

आन् काय चालला तो. मान खाली नाय, वर नाय. पायानं ओळखत होता. "हा कडूबाईचा बांध, विहीरबी तिचीच. इथनं चाळीस पावलं, मंग नांगरट संपते. इथं खोडं सुरू, मोज." एका खोडाला हात लावून तो दुसऱ्याकडं जायचा, जसं अंधारात माणूस घरातल्या घरात फिरतो. मी बटण दाबायचो.

यंत्र जागेला नाव विचारायचं, इंग्रजीत. आम्हा दोघांना लिहायचं येत नाय. पण त्यात बारकी चित्रं होती, नावाऐवजी ती लावता येत. आम्ही वाटून घेतली. खोडं असतील तिथं कवटी. कटल्याच्या जागी काटा-चमचा. बांधाला पलंग, कारण बुधा म्हणाला त्या बांधावर तो गुरं सोडून झोपायचा. विहिरीला पेट्रोल पंप लावला, दुसरं काय जवळचं सापडलं नाय. बुधाला त्याची लय गंमत वाटली. "कडूबाईला कळलं असतं तर तिनं पैसे घेतले असते गाडीवाल्यांकडून."

अकरा दिवस चाललो. त्रेसष्ट जागा भरल्या.

शेवटच्या दिवशी पूर्वेचा काठ आला. मी म्हणलं, आज पुरे, ऊन झालं. तो म्हणाला, "चल की वर. आंब्याखाली बसू." आन् चढला. मला त्याला अडवता आलं नाय. तो हात पुढं करून गेला, जिथं बुंधा असायला पायजे तिथं त्याचा हात हवेत फिरला. मंग पाय खोडक्याला लागला. तो खाली बसला. कापलेल्या भागावरून हात फिरवला, पूर्ण गोल.

रस्त्यावरून एक जीप गेली.

"कधी तोडला?"

"माघात."

त्यानं बोटांवर मोजलं. माघ, फाल्गुन, चैत. आम्ही चैतात आलो होतो त्या दुपारी. "मी तुला खाचेत बसवून दिला होता," तो म्हणाला.

"हो."

"आन् तू जाळं सोडायला लावलं."

"हो."

"तू गाढव हाय, नाथा. नवं जाळं होतं."

मी त्याच्याशेजारी बसलो. खोडकं दोघांना पुरलं. मंग त्यानं आपणहून सांगितलं. डोळ्यामागचा पडदा खराब झालाय. पेठला शिबिरात दाखवलं, तिथून नाशकात पाठवलं. कडेनं दिसतं, मधलं दिसत नाय. जिथं बघावं तिथंच डाग. गेलेलं परत येणार नाय, राह्यलेलं टिकवायला डोळ्यात सुई घेतो दर दोन महिन्यांनी. पोरीकडं जातो म्हणून सांगायचा, तेव्हा नाशकात जायचा.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणलं.

"तू आंब्याचं सांगितलंस का?"

तो उठला, पँट झटकली. "दाब बटण."

"इथं? इथं पाणी येत नाय. ही तर काठावरची जागा."

"दाब. झाडाचं चित्र हाय का त्यात?"

होतं. लावलं.

आता श्रावण चाललाय, धरण भरलंय. परवा पहिलं जाळं टाकायला गेलो. यंत्र मी पायापाशी बांधलंय, वल्ही मारता मारता दिसतं. बुधा पुढंच उभा राहतो, त्याची जागा तीच. खाली वाकून जाळ्याच्या दोरीला हात लावला की वारं कसं हाय, ओढ कशी हाय, ते त्याला कळतं, ते यंत्राला कळत नाय. बाण जागेवर नेतो, पण जाळं कुठल्या अंगाला सोडायचं ते बुधा ठरवतो.

वाजलं. मी वल्ही धरली.

"कुठं आलो?" त्यानं विचारलं.

मी पडद्यावर बघितलं. पेट्रोल पंप. त्याच्या पल्याड, काठावर, बारकं हिरवं झाड.

"आंबा रेषेत आला," मी म्हणलं.

"मंग दक्षिणेला घे दोन वल्ही," बुधा म्हणाला. "आन् ह्या खेपेलाबी जाळं नवं हाय, ध्यानात ठेव."